हवेतलं पाणी गेलं कुठं?

तुमचा कुणी मावसभाऊ, आतेभाऊ अमेरिकेत मिनियापोलिसला राहतो का? राहत असेल, तर त्याला एक प्रश्न विचारा. जानेवारीत हवाई बेटांवर सुट्टी घालवून घरी परतलास, विमानतळाच्या दाराबाहेर आलास, की पहिल्या श्वासाला काय होतं रे? तो लगेच नाकाकडे बोट दाखवेल. "आतले केस ताठ होतात!"

खरंच होतात. नाकातल्या केसांवर नेहमी थोडा ओलावा असतो. बाहेर उणे १५ अंश सेल्सिअस असलं, की श्वास आत घेताघेता तो गोठतो आणि आत काहीतरी टोचल्यासारखं वाटतं. श्वास सोडला की वितळतो. पुन्हा आत घेतला की पुन्हा गोठतो. शेंबूडसुद्धा गोठतो, हेही सांगून टाकते.

आता गंमत बघा. हाच मुलगा काही तासांपूर्वी हवाईतल्या होनोलुलूला हाफपँट घालून वाळूत बसला होता. तिथं जानेवारीतही दुपारी २७ अंशांच्या आसपास तापमान असतं. विमान साधारण ६,४०० किलोमीटर उडलं, घड्याळ ४ तास पुढे सरकलं, बस्स. मग एवढा फरक पडला कसा?

सूर्यापासून सुरुवात करू. २१ डिसेंबरला भर दुपारी होनोलुलूत सूर्य आकाशात ४५ अंशांवर असतो, म्हणजे क्षितिज आणि डोक्यावरचा बिंदू यांच्या बरोबर मध्ये. तेव्हा तुमची सावली तुमच्याच उंचीएवढी पडते. मिनियापोलिसला त्याच दिवशी सूर्य २२ अंशांपर्यंतही चढत नाही. तुम्ही १४० सेंटिमीटर उंच असाल, तर सावली साडेतीन मीटर! सावली लांब पडते, कारण किरण तिरपे येतात. तिरपे किरण जास्त जमिनीवर पसरतात, त्यामुळे प्रत्येक जागेच्या वाट्याला कमी ऊब येते. त्यात दिवसही जेमतेम पावणेनऊ तासांचा.

नागपूरच्या मुलांनो, तुमच्यासाठी खास बातमी आहे. होनोलुलू आणि नागपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, २१ अंश उत्तर. मे महिन्याच्या शेवटी नागपूरला शून्य सावलीचा दिवस येतो ना, तसा तो त्याच सुमारास होनोलुलूलाही येतो. पण त्या दिवसांत नागपूर ४५ अंशांपर्यंत तापतं आणि होनोलुलू तिशीच्या आसपास निवांत असतं. हे काम समुद्राचं. पाणी तापायला भरपूर उष्णता लागते आणि निवायला वेळ लागतो, म्हणून चहूबाजूंनी समुद्र असलेलं बेट फार तापत नाही आणि फार गारही पडत नाही. मिनियापोलिस समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, खंडाच्या मधोमध आहे. उत्तरेकडून, कॅनडातून येणाऱ्या गार हवेला वाटेत अडवायला तिथं एकही उंच डोंगररांग नाही.

पण मला सगळ्यात नवल वाटतं ते हवेतल्या पाण्याचं.

एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच असं खोकं डोळ्यांपुढे आणा. होनोलुलूच्या दमट दुपारी त्यातल्या हवेत साधारण १८ ग्रॅम पाणी वाफ होऊन लपलेलं असतं, म्हणजे साडेतीन चमचे. मिनियापोलिसच्या उणे १५ अंशांच्या हवेत वाफ अगदी ठासून भरली, तरी दीड ग्रॅमच मावते. पाव चमच्याहून जरासं जास्त! हवा जितकी गार, तितकी तिच्यात वाफ कमी मावते.

हीच हवा घरात येते आणि हीटर तिला २१ अंशांपर्यंत तापवतो. आता तिच्यात १८ ग्रॅम वाफ मावू शकते, पण आहे फक्त दीड. मग ती मिळेल तिथून पाणी ओढायला लागते. ओठांतून, हातांच्या त्वचेतून, टाचांतून, कुंडीतल्या मातीतून. बेटावर रात्रभर दोरीवर टांगूनही दमट राहिलेले पोहण्याचे कपडे इथं सकाळपर्यंत खडखडीत वाळतात. बशीत उघडा राहिलेला पापडही मऊ पडत नाही.

अशा हवेत नाकाची किती धावपळ होत असेल! फुप्फुसांना कोरडी, गार हवा चालत नाही. म्हणून श्वास तिथं पोचेपर्यंत नाक आणि श्वासनलिका मिळून त्याला शरीराइतका गरम आणि पुरता ओला करतात. ही सगळी धडपड एका श्वासापुरती. मग तो श्वास बाहेर पडतो, त्यातली वाफ गारठ्यात क्षणात बारीक थेंब होते आणि तोंडापुढे पांढरा ढग दिसतो. तो ढग म्हणजे तुमच्याच शरीरातलं पाणी. म्हणून हिवाळ्यात तहान लागली नाही तरी पाणी प्यायचं.

आणखी एक गोष्ट. गालिच्यावर मोजे घासत चालत जाऊन दाराच्या मुठीला हात लावला, की चट्! ठिणगी! होनोलुलूत हे सहसा होत नाही. दमट हवेत वस्तूंवर ओलाव्याचा अगदी पातळ थर असतो, त्यातून विजेचा भार हळूच निसटून जातो. कोरड्या हवेत तो अंगावर साठत राहतो आणि मुठीजवळ बोट नेताच एकदम उडी मारतो. हा झटका हजारो व्होल्टचा असतो, पण भार इतका थोडा, की नुसतं दचकायला होतं.

भावाला अजून एक काम सांगा. ओला टीशर्ट अंगणात दोरीवर टाकायचा. थोड्या वेळात तो पुठ्ठ्यासारखा ताठ होईल. तरी तसाच राहू दे म्हणावं. एक-दोन दिवसांत तो वाळेल आणि खाली एक थेंबही पडणार नाही! बर्फाचं पाणी न होता थेट वाफच होते. याला संप्लवन म्हणतात. कापूर उडून जातो, तेही संप्लवनच.

हे बघायला मिनियापोलिसलाच जायला हवं असं नाही. घरच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये बर्फाचा ट्रे भरून ठेवा आणि कुणालाही हात लावू देऊ नका. महिन्याभराने खडे केवढे उरलेत ते पट्टीने मोजा आणि आम्हाला कळवा.