छोट्या कॅटामरानची जोडणी आणि देखभाल: सगळा खेळ नखाएवढ्या रिंगचा

दोन निमुळत्या होड्या, मध्ये ताणलेली जाळी, वर रंगीत शीड आणि एक बाजू पाण्याबाहेर उचलून सुसाट पळणारी बोट... असं एखादं रील तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आलं असेलच. ती असते छोटी सेलिंग कॅटामरान. रीलमध्ये मजा दिसते, पण त्याआधी किनाऱ्यावर जोडणीत गेलेला वेळ दिसत नाही. आणि बोट धड परत येणार की नाही, हे बऱ्याचदा त्याच वेळात ठरतं.

या लेखात आपण पाहूया की ही बोट जोडतात कशी, तिची डोलकाठी नक्की कशाच्या जोरावर उभी असते, खाऱ्या पाण्यात काय काय खराब होतं आणि या सगळ्यात आपला फोन कुठे उपयोगी पडतो. उदाहरणासाठी मी होबी १६ घेतोय, कारण जगात सगळ्यात जास्त दिसणाऱ्या छोट्या कॅटामरानमध्ये तिचा नंबर वरचा आहे.

आधी थोडी ओळख

'कॅटामरान' हा शब्द मूळचा तमिळ आहे. कट्टुमरम, म्हणजे बांधलेली लाकडं. ओंडके दोराने बांधून केलेल्या मासेमारीच्या तराफ्याचं हे नाव इंग्रजीत गेलं आणि पुढे दोन हलच्या बोटीला चिकटलं. हल म्हणजे बोटीचं पाण्यात तरंगणारं मुख्य अंग.

होबी १६ ही कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या होबी ऑल्टर यांची बोट, १९७० च्या सुमाराची. लांबी साधारण ५ मीटर, रुंदी २.४ मीटर, वजन १४५ किलोच्या आसपास. म्हणजे आपल्या बुलेटपेक्षाही हलकी! पण तिच्यावर उभी राहते ८ मीटरची डोलकाठी आणि त्यावर दोन शिडं मिळून साधारण १९ चौरस मीटर कापड. वजन कमी आणि शीड मोठं, म्हणूनच ती पळते. आणि म्हणूनच तिच्यात चुकीला फार जागा नसते.

डोलकाठी उभी राहते कशावर?

इथेच खरी गंमत आहे. एवढी उंच डोलकाठी खाली कशातही पक्की रोवलेली नसते. ती पुढच्या आडव्या दांड्यावरच्या एका छोट्या बैठकीवर नुसती टेकलेली असते, कारण शिडाबरोबर तिला डावी-उजवीकडे फिरता यावं लागतं. तिला उभं धरतात तारा. दोन बाजूंना दोन, त्यांना श्राउड म्हणतात. पुढे एक, तिला फोरस्टे म्हणतात. स्टेनलेस स्टीलच्या या तारा जेमतेम ३-४ मिलिमीटर जाडीच्या असतात. मांडवाचा खांब तीन बाजूंनी दोर ताणून उभा करतात ना, अगदी तसंच.

तार बोटीला जोडली जाते एका पिनने. आणि ती पिन निसटू नये म्हणून तिच्या भोकात असते किचेनच्या कडीसारखी, नखाएवढी एक रिंग. आता साखळी बघा: रिंग निघाली की पिन सरकते, पिन सरकली की तार सुटते, आणि तार सुटली की डोलकाठी थेट खाली. मध्ये दुसरा कुठलाही आधार नाही. कॉम्प्युटरच्या भाषेत सांगायचं तर इथे बॅकअप नसतो.

त्यातून चालत्या बोटीत ताण सगळ्या तारांवर सारखा वाटला जात नाही. वारा ज्या बाजूने येतो, त्या बाजूची श्राउड जवळजवळ सगळा भार घेते. रीलमध्ये जो हल हवेत उचललेला दिसतो, त्याचं वजन त्याच तारेवर आलेलं असतं. शिवाय वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १० नॉटचा वारा २० नॉट झाला की शिडावरचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. (१ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.) म्हणून सकाळच्या हलक्या वाऱ्यात टिकलेली तार दुपारी टिकेलच, असं धरून चालता येत नाही.

जोडणी: क्रम महत्त्वाचा

१. वर बघा. हो, पहिली पायरी हीच. आजूबाजूला आणि पाण्यापर्यंतच्या वाटेवर विजेच्या तारा आहेत का? अॅल्युमिनियमची डोलकाठी वीज सहज वाहून नेते. डोलकाठी विजेच्या तारांना लागून माणसं दगावल्यामुळेच १९८० च्या दशकात होबीने डोलकाठीचा वरचा भाग फायबरग्लासचा बनवायला घेतला. पण तो फक्त वरचा भाग आहे. तारा दिसल्या की जागा बदलायची, बस्स.

२. डोलकाठी आडवी ठेवा. वरचं टोक बोटीच्या मागे आणि बुंधा बैठकीजवळ. बुंध्याची बिजागरीची पिन घाला, म्हणजे उचलताना तो सटकणार नाही.

३. दोन्ही श्राउड आधीच जोडा. पिन, रिंग, दोन्ही बाजूंना. भोकांच्या पट्टीत दोन्हीकडे पिन एकाच नंबरच्या भोकात हवी, नाहीतर डोलकाठी एका बाजूला कलते. तार कुठे सुकाणूत किंवा जाळीच्या दोरीत अडकली नाही ना, ते बघा.

४. उचला. हे एकट्याचं काम नाही. एक जण जाळीवर उभा राहून डोलकाठी खांद्यावर घेत पुढे सरकतो आणि दुसरा समोरून फोरस्टे ओढतो. तिसरा असेल तर उत्तम. फोरस्टेची पिन बसून रिंग लागेपर्यंत ओढणाऱ्याने हात सोडायचा नाही.

५. आता पुढचं छोटं शीड, म्हणजे जिब, चढवा आणि त्याची दोरी चांगली ताणा. होबी १६ ची एक खासियत इथे आहे. जिबच्या पुढच्या कडेत तार असते. ती ताणली की भार तिच्यावर येतो आणि फोरस्टे ढिली पडते. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो, पण ते तसंच असायला हवं.

६. सुकाणू बसवा. दोन सुकाणू असतात. त्यांच्या पुढच्या कडांमधलं आणि मागच्या कडांमधलं अंतर टेपने मोजा. दोन्ही जवळपास सारखी हवीत, पुढचं किंचित कमी चालेल. फरक जास्त असेल तर दोन्ही सुकाणू एकमेकांविरुद्ध ओढतात आणि बोट ब्रेक लावल्यासारखी चालते.

७. मोठं शीड शेवटी. बोटीचं तोंड आधी वाऱ्याकडे करा आणि मगच शीड चढवा. शिडाची मुख्य दोरी मोकळी ठेवा. ती ताणलेली राहिली, तर बोट किनाऱ्यावरच उलटू शकते.

८. हलच्या मागच्या टोकाची बुचं लावा. विनोदी वाटेल, पण बूच न लावता पाण्यात गेलेली बोट हळूहळू भरते आणि ते दूर गेल्यावरच लक्षात येतं.

आणि एक नियम मी कधीच मोडत नाही: ज्याने पिन लावली, त्याने ती तपासायची नाही. तपासणारा माणूस दुसरा हवा. आपण लावलेल्या गोष्टीवर आपली नजर फिरते, पण ती नीट बघत नाही.

खारं पाणी नेमकं काय करतं?

"स्टेनलेस आहे, गंजणार नाही", हा मोठा गैरसमज आहे. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा असतो आणि तोच गंजापासून वाचवतो. पण हा पापुद्रा पुन्हा पुन्हा तयार होण्यासाठी हवेतला ऑक्सिजन लागतो. जिथे खारं पाणी अडकतं आणि हवा पोचत नाही, म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या नळीच्या आत किंवा प्लास्टिकच्या आवरणाखाली, तिथे गंज आतून खात राहतो. बाहेरून तार मस्त चमकत असते. म्हणून तार बहुतेक वेळा मध्ये तुटत नाही, टोकाशी तुटते.

दुसरा प्रकार दोन धातूंचा. अॅल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टीलचा स्क्रू बसला आणि वर खारं पाणी पडलं की एक प्रकारची बॅटरीच तयार होते, आणि त्यात झिजतं अॅल्युमिनियम. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली तर समजून घ्या. मध्ये नायलॉनचा वॉशर आणि मरीन ग्रीस घातलं की हे बरंच थांबतं.

तिसरा शत्रू ऊन. शीड आणि जाळी यांचं कापड दणकट असलं, तरी उन्हाने आधी शिवणीचा दोरा जातो. जाळीची शिवण नखाने खरवडून बघा. दोरा भुगा होत असेल तर जाळी शिवायला द्या. भर समुद्रात त्यावर माणूस बसणार आहे.

देखभालीचं वेळापत्रक

प्रत्येक फेरीनंतर: गोड्या पाण्याने सगळं धुवा. तारांची टोकं, पिना, कप्प्या आणि सुकाणूचे सांधे जास्त वेळ. बुचं काढून ठेवा, कारण बंद हलमधली हवा उन्हात तापून फुगते आणि सांध्यांवर दाब येतो. शीड सुकवून गुंडाळा.

महिन्यातून एकदा: तारेवरून कापूस किंवा टिश्यू फिरवा. उघडा हात नको. तारेतला एखादा धागा तुटला असेल तर तो कापूस पकडतो. एक धागा तुटलेला सापडला तरी ती तार बाद, "अजून एक फेरी चालेल" हा हिशेब नाही. हलचा वरचा पृष्ठभाग अंगठ्याने दाबत जा आणि नाण्याने टकटक करा. टणक आवाज ठीक. मऊ लागलं किंवा आवाज बद्द आला, तर आतले थर सुटायला लागलेत. रिंग गुंतू नये म्हणून तिच्यावर टेप लावतात, पण तीच टेप महिनोन्महिने ठेवू नका, तिच्याखालीही खारट ओल राहते.

पावसाळ्याआधी: आपल्या कोकण किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर अशा बोटी पाण्याबाहेरच ठेवायच्या. डोलकाठी उतरवा, शिडं घरात न्या, हल उंचावर ठेवून घट्ट बांधा. १४५ किलोची बोट वादळी वाऱ्याला जड नसते.

फोन कुठे कामाला येतो?

कॅमेरा हे सगळ्यात भारी हत्यार आहे. मॅक्रो मोडमध्ये तारेचं प्रत्येक टोक, प्रत्येक पिन आणि रिंग यांचे फोटो काढा आणि तारखेसह एका अल्बममध्ये ठेवा. पुढच्या महिन्यात त्याच जागेचे पुन्हा काढा आणि शेजारी ठेवून बघा. तपकिरी डाग वाढलाय का, पिन वाकलीय का, हे आठवणीपेक्षा फोटो खात्रीने सांगतो. पहिल्यांदा बोट उतरवताना प्रत्येक पायरीचा फोटो काढलात, तर पुन्हा जोडताना तोच तुमचा नकाशा.

हवामानाचं अॅप जरूर बघा, पण त्याचा अर्थ समजून. अॅपमधला वारा साधारण १० मीटर उंचीवरचा असतो आणि तो कित्येक किलोमीटरच्या चौकोनासाठी काढलेला असतो. तुमच्या खाडीच्या वळणावरचा वारा त्यात दिसेलच असं नाही. सरासरीपेक्षा झोताचा आकडा बघा, आणि समोरच्या पाण्यावर पांढरे फेस दिसत असतील तर अॅपपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा.

फोन वॉटरप्रूफ आहे म्हणून तसाच खिशात टाकू नका. आयपी ६८ सारखी चाचणी गोड्या पाण्यात होते, समुद्राच्या नाही. पाउचमध्ये ठेवा, अंगाला बांधा आणि घरी आल्यावर चार्जिंग पोर्ट पूर्ण सुकल्याशिवाय केबल लावू नका. भारतीय तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक १५५४ सेव्ह करून ठेवा. मात्र समुद्रात रेंज जाते आणि ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही. म्हणून लाइफ जॅकेट आणि त्याला बांधलेली शिट्टी हवीच, आणि किनाऱ्यावर एखाद्याला "इतक्या वाजेपर्यंत परत येतो" हे सांगून निघायचं.

शेवटी, किट घेताना सुट्या रिंगांची एक डबी आणि दोन-चार जास्तीच्या पिना नक्की घ्या. वाकलेली रिंग सरळ करून पुन्हा लावायची नाही, फेकायची. पूर्ण बोटीतली सगळ्यात स्वस्त वस्तू तीच आहे आणि डोलकाठी तिच्याच भरवशावर उभी आहे.