एका वडापावात कळसूबाई

एका वडापावाच्या साधारण ३०० कॅलरी धरू. आहारातली एक कॅलरी म्हणजे एक किलो पाणी एका अंशाने तापवणारी उष्णता, ४,१८४ जूल. तेव्हा वडापावाचे झाले साडेबारा लाख जूल. सत्तर किलोच्या माणसाला एक मीटर वर उचलायला ६८६ जूल पुरतात. भागाकार केला की उत्तर येतं १,८३० मीटर. समुद्रसपाटीपासून कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे! अर्थात आपले स्नायू एवढे काटकसरी नाहीत. फार तर पाव हिस्सा कामी येतो, बाकीची उष्णता होऊन जाते. तरी साडेचारशे मीटर उरतातच, म्हणजे दीडशे मजले जिना.

पण तो वडापाव ३०० चा होता की ४०० चा? फरक पन्नास मजल्यांचा आहे, आणि नुसतं बघून तो कुणालाच सांगता येत नाही.

घरचे कांदेपोहे घ्या. पन्नास ग्रॅम पोहे, पाच ग्रॅम तेल, दहा ग्रॅम शेंगदाणे, थोडा कांदा-बटाटा: बेरीज ३०० च्या आसपास. शेजारच्या घरी पोहे सत्तर ग्रॅम, तेल पंधरा, शेंगदाणे वीस, बटाटा जरा सढळ, वर मूठभर शेव: ६०० च्या पुढे. बशी तीच, रंग तोच, वरची कोथिंबीरही तीच. मोबाइलमधलं अ‍ॅप मात्र दोन्ही घरांना ‘पोहे, एक प्लेट’ म्हणून एकच आकडा देणार, तोही ३४७ सारखा, शेवटच्या अंकापर्यंत ठाम.

थाळीत तर दहा पदार्थ. प्रत्येकाचं वाढप कमी, मध्यम, जास्त असं तीनच प्रकारचं धरलं तरी ५९,०४९ वेगवेगळ्या थाळ्या होतात. हे ऐकून हात टेकायचं कारण नाही. वरणाचा अंदाज वर गेला, भाताचा खाली आला, तर चुका एकमेकींना खातात. दहाही पदार्थांच्या कॅलरी सारख्याच असतील आणि प्रत्येकात वीस टक्क्यांची स्वैर चूक होत असेल, तर अख्ख्या थाळीतली चूक साधारण सहा टक्क्यांवर येते.

गोची वेगळीच आहे. माणसाच्या चुका स्वैर नसतात, त्या एकाच बाजूला झुकतात. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १९९२ साली एक अभ्यास आला होता. कमी खाऊनही वजन उतरत नाही अशी तक्रार असलेल्या दहा जणांचं प्रत्यक्ष खाणं मोजलं, तेव्हा त्यांनी सांगितलेला आकडा खऱ्यापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघाला. व्यायाम त्यांनी ५१ टक्क्यांनी फुगवून सांगितला होता. त्यांना खोटारडं म्हणायची घाई नको. एका ग्रॅम पिठात किंवा साखरेत चारच्या आसपास कॅलरी, एका ग्रॅम तेलात नऊ. आणि ताटात सगळ्यात कमी दिसतं ते तेलच. मेथीच्या भाजीत मुरलेलं, पोळीला लावलेलं, फोडणीत गेलेलं.

हॉटेलात ते निदान तरंगताना दिसतं. मिसळीवरच्या तर्रीत वीस ग्रॅम तेल आलं की १८० कॅलरी झाल्या. वर ‘अजून रस्सा?’ असं विचारत माणूस पातेलं घेऊन फिरतो, आणि तो रस्सा बिलातही येत नाही. मोठ्या साखळी हॉटेलांना मेनूवर कॅलरी छापायचं बंधन २०२२ पासून आहे, पण ते दहा किंवा जास्त शाखा असणाऱ्यांना किंवा केंद्रीय परवाना असणाऱ्यांना. नाक्यावरच्या मिसळवाल्याला ते लागू नाही. त्याच्याकडे अंदाज चढाच धरावा.

घरी मात्र चमचे मोजत बसण्यापेक्षा सोपा रस्ता आहे. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यात १,३५,००० कॅलरी असतात. रोज २,००० कॅलरी खाणाऱ्या एका माणसाचं सदुसष्ट दिवसांचं अन्न त्या एका पत्र्यात मावतं. चौघांच्या घरात महिन्याला चार किलो तेल संपत असेल, तर माणशी रोज ३०० कॅलरी नुसत्या तेलाच्या. तीन किलो साखर, तर माणशी १०० तिच्या. तळणाचं फेकलेलं तेल वजा करा, आल्यागेल्याचा पाहुणचार सोडून द्या. फोडणीची पळी किती भरली याचा वाद घालायला नको, कारण डबा किती दिवसांत संपला हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. अ‍ॅपपेक्षा वाण्याची यादी जास्त खरं बोलते, असं माझं मत आहे.

तेव्हा या महिन्याच्या यादीतला तेलाचा आकडा आधी काढा. काकडीच्या कॅलरी मोजायला नंतर पुष्कळ वेळ आहे.