बारा फुटी, चौदा फुटी की सोळा फुटी?

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या मोटारींच्या नंबरप्लेटवर ‘दहा हजार तलाव’ असे अभिमानाने लिहिलेले असते. हा आकडा कमीच आहे. दहा एकरांहून मोठे तलाव तिथल्या सरकारी मोजणीत ११,८४२ भरतात. अशा प्रदेशात होडी ही श्रीमंतांची मिरवायची वस्तू राहत नाही. शेतकरी, शिक्षक, सुतार अशा कुणाच्याही अंगणात ती ट्रेलरवर उभी दिसते: अॅल्युमिनियमची, आडव्या बाकांची, मागच्या फळीला छोटे इंजिन अडकवलेली. मासेमारी, बदकांची शिकार, बेटावरच्या झोपडीपर्यंत सामान नेणे, धक्क्याची दुरुस्ती अशी सगळी कामे ती करते. ही होडी घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: बारा फुटी घ्यावी, चौदा फुटी की सोळा फुटी?

प्रश्न लांबीचा वाटतो, पण निवड लांबीवरून करणाऱ्याची फसगत होते. दोन फुटांनी लांबी वाढते तेव्हा रुंदी वाढते, काठाची उंची वाढते, मागची फळी रुंद होते, पत्रा जाड होतो. या सगळ्यांचा गुणाकार होतो. तो नीट समजून घेतला की बाकीचे निर्णय बरेच सोपे होतात.

ही होडी आली कुठून, हे आधी थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने विमानांसाठी अॅल्युमिनियमचे प्रचंड कारखाने उभे केले. ‘हेलकॅट’ हे लढाऊ विमान बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीचे एक उपाध्यक्ष विल्यम हॉफमन १९४४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या अॅडिरॉन्डॅक डोंगरात सुटीवर गेले होते. एका तलावातून दुसऱ्या तलावात जाताना लाकूड-कापडाची जड कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, खांद्यावर वाहून ते थकले. विमानाच्या पत्र्याची कनू का होऊ नये, हा विचार त्यांच्या मनात तिथेच आला आणि १९४५ मध्ये ग्रुमनच्या कनू तयार होऊ लागल्या. पुढच्याच वर्षी मिनेसोटात ‘अॅल्युमाक्राफ्ट’ आणि १९४८ मध्ये तिथल्याच न्यूयॉर्क मिल्स गावात ‘लुंड’ कंपनी सुरू झाली. अॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. शिवाय हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तोच थर आतल्या धातूचे रक्षण करतो. गोड्या पाण्यात रंग न लावताही ही होडी वर्षानुवर्षे टिकते. लाकडी होडीला दरवर्षी डांबर, रंग, सांधे भरणे असा उपचार लागतो, हे आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना वेगळे सांगायला नको.

आता गुणाकाराकडे येऊ. एखाद्या होडीवर क्षमतेची पाटी नसेल तर किती माणसे बसवावीत, यासाठी अमेरिकी तटरक्षक दलाचा एक ठोकताळा आहे. लांबी आणि रुंदी फुटांत घेऊन गुणायची आणि पंधराने भागायचे. बारा फूट लांब, चार फूट रुंद होडी: अठ्ठेचाळीस भागिले पंधरा, म्हणजे तीन माणसे. चौदा फूट लांब, पाच फूट रुंद: चार माणसे. सोळा फूट लांब, सहा फूट रुंद: सहा माणसे. लांबी एक तृतीयांशाने वाढली, माणसे दुप्पट झाली. म्हणून ‘दोन फुटांनी असा काय फरक पडतो’ असे जो म्हणतो, त्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. आणि दोन चौदा फुटी होड्यांतली एक साडेचार फूट रुंद आणि दुसरी साडेपाच फूट रुंद असेल, तर त्या एका मापाच्या होड्या समजूच नयेत.

हा ठोकताळा झाला. खरी पाटी याहून कडक हिशेबाने ठरते. १९७१ च्या संघराज्य नौका-सुरक्षा कायद्यानंतर अमेरिकेत वीस फुटांहून लहान, एका तळाच्या मोटारबोटींवर क्षमतेची पाटी लावणे बंधनकारक झाले आणि नोव्हेंबर १९७२ पासून ती लागू लागली. बाहेरचे इंजिन बसणारी होडी स्थिर पाण्यात काठावरून पाणी आत येऊ लागेपर्यंत किती भार पेलते ते काढतात. त्यातून होडीचे स्वतःचे वजन वजा करतात. उरते त्याचा फक्त पाचवा हिस्सा पाटीवर चढतो. त्या पाचव्या हिश्शातच माणसे, इंजिन, इंधनाची टाकी, बॅटरी, नांगर, माशांची पेटी हे सगळे आले. उरलेले चार हिस्से लाटांसाठी, एकाच बाजूला झुकणाऱ्या माणसांसाठी आणि माणसाच्या चुकांसाठी राखून ठेवलेले आहेत. पाटीवर चारशे किलो लिहिले असेल तर साडेचारशेने काय बिघडते, असे म्हणणारा माणूस याच राखीव हिश्शात हात घालत असतो.

पाटीवर किलो (तिथे पाउंड) आणि माणसे असे दोन्ही आकडे असतात. माणसांचा आकडा काढताना दर माणशी सुमारे १४१ पाउंड, म्हणजे चौसष्ट किलो धरतात. थंडीचे जाड कपडे, बूट आणि जॅकेट घातलेला आजचा प्रौढ माणूस इतका हलका क्वचितच असतो. म्हणून डोकी मोजण्यापेक्षा वजन मोजावे. ‘चार माणसे’ लिहिलेली चौदा फुटी होडी चार धडधाकट पुरुषांची नसते. ती तीन माणसांची आणि त्यांच्या सामानाची होडी असते.

हे सारे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे वारंवार कृष्णाकाठ येतो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ गावी महापुरातून माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली. बायका-मुलांसह अनेकांचे जीव गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसली होती, असे त्या वेळी सर्वत्र सांगितले गेले. घरात पाणी चढत असताना बोट काठाला लागते तेव्हा कुणी कुणाला उतर म्हणू शकत नाही. तो दोष जीव वाचवू पाहणाऱ्या माणसांचा मानणे मला क्रूर वाटते. पण बोट कोरडी असताना, पूर नसताना, तिच्या काठावर ठळक मराठीत आकडा रंगवलेला असेल, बोट चालवणाऱ्याला तो पाठ असेल आणि गावालाही माहीत असेल, तर बोट दोन फेऱ्या करेल. नदीकाठच्या प्रत्येक गावातल्या बोटीवर असा आकडा उन्हाळ्यातच रंगवून घ्यायला हवा. त्याला खर्च रंगाच्या डब्याचा आहे.

निवडीत पाण्याचा वाटा सर्वांत मोठा. मिनेसोटातला मिल लॅक्स तलाव सुमारे १,३२,००० एकरांचा, पण सर्वांत खोल जागी जेमतेम बेचाळीस फूट. इतक्या विस्तीर्ण उथळ पाण्यावर वारा लांबवर वाहत येतो आणि लाटा आखूड, उभ्या, एकामागून एक उठतात. सकाळी आरशासारखे असलेले पाणी दुपारी बारा फुटी होडीला घरी परतू देत नाही. तिथे सोळा फुटी, उंच काठाची आणि नाळेकडे धारदार उतार असलेली होडी हवी. याउलट कॅनडाच्या सीमेवरच्या बाउंडरी वॉटर्स अरण्यात १९७८ च्या कायद्याने बहुतेक तलावांवर इंजिनालाच बंदी आहे आणि मोजक्या तलावांवर दहा किंवा पंचवीस अश्वशक्तीची मर्यादा. तिथल्या अरुंद, झाडांनी वेढलेल्या पाण्यात सोळा फुटी होडीचे ओझेच होते.

सपाट तळाची, चौकोनी नाळेची ‘जॉन बोट’ हा आणखी एक प्रकार. ती वीतभर पाण्यात तरंगते, उभे राहून जाळे टाकता येते, गवताळ दलदलीत सहज शिरते. लाटेवर मात्र ती आपटते आणि हाडे खिळखिळी करते. नदी, ओढे, छोटे तळे असेल तर तिच्याइतकी सोयीची होडी नाही. मोठ्या तलावावर ती नेऊ नये.

लहान होडीची मर्यादा पाण्यावर कळते, मोठीची जमिनीवर. साधारण सत्तर किलोची बारा फुटी होडी दोन माणसे उचलून पिकअपमध्ये किंवा गाडीच्या टपावर ठेवतात आणि जिथे उतरण्याचा रस्ता नाही त्या तळ्यातही सोडतात. चौदा फुटीला बहुधा ट्रेलर लागतो, तरी एकटा माणूस ती सांभाळू शकतो. सोळा फुटीला ट्रेलर, धक्का आणि ठेवायला जागा, तिन्ही हवे. शिवाय सोळा फुटांपासून पुढे अंगावरच्या जॅकेटांखेरीज पाण्यात फेकता येईल असे तरंगते साधन बाळगण्याची कायद्याने सक्ती आहे. वर्षभर दोघेच जाणार असतील, वाराही माफक असेल, तर चौदा फूट लांब, रुंद होडी घ्यावी हे माझे स्पष्ट मत. बारा फुटी एकट्याची. सोळा फुटी कुटुंबाची किंवा मोठ्या पाण्याची.

इंजिनाचा नियमही असाच शिकवून जाणारा आहे. लांबी गुणिले मागच्या फळीची रुंदी, यावरून कमाल अश्वशक्ती ठरते. सोळा फूट लांब आणि मागे साडेपाच फूट रुंद अशी होडी घेऊ, गुणाकार अठ्ठ्याऐंशी. तळ सपाट आणि इंजिन हाताच्या दांड्याने वळवायचे असेल तर मर्यादा तिशीच्या आसपास. तळ उताराचा असेल तर पंचेचाळीस. सुकाणूचे चाक आणि वीस इंच उंचीची मागची फळी असेल तर तीच मर्यादा पंच्याऐंशीच्या पुढे जाते. होडी तेवढीच, तरी आकडा जवळजवळ तिप्पट. कारण वेगात असताना दांडा हातातून झटकला गेला तर सपाट तळाची होडी एका क्षणात गरकन फिरते आणि माणूस बाहेर फेकला जातो.

जुनी होडी घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मागच्या फळीत प्लायवूड असते आणि ते आतून कुजते. इंजिन वर-खाली हलवून फळी लवते का पाहावे. ती बदलताना, ज्यात वाळवी लागू नये म्हणून तांब्याची संयुगे मुरवलेली असतात, असे लाकूड वापरू नये. ओलावा मिळाला की ते तांबे अॅल्युमिनियमला खाते. समुद्रात हा धोका खारट पाण्यामुळे अनेक पटींनी वाढतो, म्हणून अशा होडीच्या तळाला तांबेयुक्त रंग लावणेही चूक.

दुसरी गोष्ट बाकांखालच्या फेसाची. होडी पाण्याने भरली तरी ती आडवी न होता तरंगत राहावी म्हणून तो भरलेला असतो. जुन्या होड्यांत रिबिटांमधून झिरपलेले पाणी त्यात वर्षानुवर्षे मुरते आणि वरून काहीच दिसत नाही. ट्रेलरसकट होडी वजनकाट्यावर न्यावी, मग ट्रेलर एकटा तोलावा. फरकातून इंजिन आणि सामान वजा केल्यावर उरलेला आकडा कंपनीने दिलेल्या वजनापेक्षा चाळीस किलोंनी जास्त आला, तर तेवढे पाणी फेसात आहे. पाटीवरच्या भारातून तेही चाळीस किलो वजा करावे लागतात.