बत्तीसातले वीस कोणी खाल्ले?

आज फ्लॉपीवर लिहायचं कबूल केलं होतं. ती एक आठवडा थांबेल, कारण सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलातून गणिताच्या सरांचं पत्र आलंय आणि ते मला स्वस्थ बसू देत नाही.

त्यांच्या शाळेत शाळांना संगणक देणाऱ्या 'क्लास' योजनेतला बीबीसी मायक्रो संगणक आहे. सरांनी मुलांच्या गुणांचा प्रोग्रॅम बेसिकमध्ये लिहिला. गुण धरून तो १२ के झाला. शेवटी आलेख काढायला 'मोड ०' दिला, तर पडद्यावर उमटलं : 'बॅड मोड'. सर विचारतात, "यंत्राची मेमरी ३२ के. १२ माझे. बाकीचे २० कोणी खाल्ले?"

सर, उत्तर तुमच्याच वजाबाकीत आहे. वीस के पडद्यानं खाल्ले!

आधी हा 'के' बघू. किलो म्हणजे हजार, पण आपला के १०२४ चा. यंत्र दुपटीनं मोजतं. दोन, चार, आठ करत दहाव्या दुपटीला १०२४ येतात. विचित्र वाटत असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. १९५७ पर्यंत आपला रुपयाही चौसष्ट पैशांचाच होता, आणि त्याचं पाव-निमपाव करताना कुणाचं काही अडत नव्हतं.

आता पडदा. मोड ० मध्ये आडवे ६४० आणि उभे २५६ ठिपके. गुणाकार १,६३,८४०. ठिपका पेटलेला की विझलेला, एवढंच लक्षात ठेवायचं, म्हणजे ठिपक्याला एक बिट. आठानं भागा : २०,४८० बाइट. १०२४ नं भागा : बरोबर २०, बाकी शून्य. चित्र रिकामं असलं तरी जागा तेवढीच लागते. काळा ठिपकाही लक्षात ठेवावाच लागतो. यंत्र सुरू होतं तेव्हा असतो मोड ७. त्यात चाळीस अक्षरांच्या पंचवीस ओळी, म्हणून एका के मध्ये भागतं. अक्षरांची वळणं वेगळ्या चिपमध्ये कोरलेली असतात.

मग वीस आणि बारा बत्तीस, बसायला हवं होतं की! इथेच गंमत आहे. 'प्रिंट हायमेम-पेज' असं टाइप करा. नुकत्याच सुरू केलेल्या, कॅसेटवर चालणाऱ्या यंत्रावर २८१६० येईल, म्हणजे तुम्हाला मोकळे साडेसत्तावीस के. पडद्याचा एक सोडला, तर साडेतीन के यंत्रानं स्वतःच्या टिपणांसाठी आधीच अडवलेत. फ्लॅट घेतलेल्यांना हे नवीन नाही : कागदावर बिल्ट-अप, राहायला कार्पेट. मोड ० मध्ये हाच आकडा ८७०४ वर घसरतो. डिस्कची सोय बसवलेली असेल तर ५८८८. (बघा, फ्लॉपी आलीच! येण्याआधीच तिनं पावणेतीन के जागा धरली.)

तेव्हा सर, मोड ४ वापरा. ठिपके आडवे ३२०, पडदा दहा के चा, आणि तुम्हाला साडेअठरा के मोकळे. आलेख थोडा जाडाभरडा दिसेल, पण पालकसभेला चालेल.

आणि एक, न विचारलेलं. तुम्ही पंचेचाळीस मुलांचे सात विषयांचे चार परीक्षांचे गुण साध्या अ‍ॅरेत ठेवलेत. बेसिक तिथे दर आकड्याला पाच बाइट मोजतं. १२६० गुणांचे झाले ६३००. नावापुढे टक्क्याचं चिन्ह लावलं तर चारात भागतं. खरं तर एका बाइटात २५५ पर्यंतचा आकडा मावतो, आणि शंभराच्या वर गुण तुम्ही देत नाही. प्रश्नचिन्हाची खूण वापरून एकेक गुण एकेका बाइटात ठेवा, म्हणजे सगळे १२६० बाइटांत बसतील. अर्धा गुण द्यायची सवय असेल तर दुप्पट करून ठेवा आणि छापताना निम्मे करा. शंभराचे दोनशे झाले तरी बाइट भरत नाही.