कार्ड घासलं तरी टीडीएस सुटत नाही!

टीडीएस हा शब्द दिसला की आपल्यापैकी निम्मे जण पान उलटतात. पण फेस्टचा मंडप, जेवण, इंडस्ट्रियल व्हिजिटची बस हे सगळं ठरवायला आपणच पुढे असतो. म्हणून दोन मिनिटं थांबा.

आपल्या नागोठण्याचंच घ्या. इथला पेट्रोकेमिकल प्रकल्प पूर्वी आयपीसीएलचा होता, २००७ मध्ये ती कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली. असा मोठा कारखाना असला की बसवाले, केटरर, मंडपवाले असे छोटे धंदेही आलेच. समजा, एखाद्या कंपनीने अशा बसवाल्याला ४०,००० रुपये द्यायचे आहेत. नियम असा, की एका वेळी ३०,००० किंवा वर्षभरात १,००,००० रुपयांच्या वर रक्कम गेली की कर कापायचा. धंदा एकट्या व्यक्तीच्या नावावर असेल तर १ टक्का, कंपनी किंवा भागीदारी असेल तर २ टक्के. म्हणजे ४०० कापून ३९,६०० द्यायचे. पॅन नसेल तर थेट २० टक्के!

आता कंपनीने बिझनेस कार्ड घासलं तर? अनेकांना वाटतं, बँकेत नोंद झाली, आपण सुटलो. अमेरिकेत साधारण तसंच आहे. तिथे कार्डाच्या पेमेंटची माहिती सरकारला देण्याचं काम कार्डाचा व्यवहार हाताळणाऱ्या संस्थेचं असतं. आपल्याकडे तसं नाही. पैसे रोख द्या, चेकने द्या नाहीतर कार्डाने, कापायची जबाबदारी देणाऱ्याचीच. मशीन काही आपोआप ४०० कापत नाही, त्यामुळे कार्ड ३९,६०० चंच घासायचं.

एवढ्यावर काम संपत नाही. कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा (मार्चचा ३० एप्रिलपर्यंत) आणि दर तिमाहीला बसवाल्याच्या पॅनसकट विवरणपत्र द्यायचं. ते दिलंच नाही, तर त्याच्या पॅनपुढे ते ४०० दिसत नाहीत. पैसे त्याचे गेले आणि रिटर्न भरताना हिशोबात काहीच नाही! अशी दहा-बारा बिलं झाली की छोट्या माणसाला ते चांगलंच जाणवतं. उशीर करणाऱ्यालाही दिवसाला २०० रुपये लेट फी आहेच.

ट्रस्ट, सोसायटी, युनिव्हर्सिटी यांनाही हा नियम लागू आहे, म्हणजे कॉलेजलाही. तेव्हा फेस्टसाठी कॉलेजचं कार्ड हातात आलं की आधी बिलावर पॅन बघा, ऑफिसात विचारा आणि मगच घासा. रूमवरच्या बर्थडे पार्टीला मात्र हा नियम नाही, घाबरू नका!