जुन्या पुलांचे मासेमारी धक्क्यांत रूपांतर

वाहतुकीसाठी बंद झालेल्या पुलाचा किनाऱ्यालगतचा भाग न पाडता तो गळाने मासे पकडणाऱ्यांसाठी खुला करणे, यास पुलाचे मासेमारी धक्क्यात रूपांतर म्हणतात. त्यामुळे होडी नसणाऱ्यांनाही खोल पाण्यापर्यंत जाता येते. पुलाच्या खांबांवर शिंपले व शेवाळ वाढते. त्यांच्या आश्रयाने लहान जीव राहतात आणि त्यांच्यामागे मासे येतात.

प्रमुख उदाहरण

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात टँपा उपसागरावर 'सनशाइन स्कायवे' हा पूल १९५४ मध्ये खुला झाला. १९७१ मध्ये त्यास समांतर दुसरा पूल बांधण्यात आला. ९ मे १९८० रोजी वादळात 'समिट व्हेंचर' हे मालवाहू जहाज या दुसऱ्या पुलाच्या खांबावर आदळले. पुलाचा मोठा भाग कोसळून ३५ जण मृत्युमुखी पडले. १९८७ मध्ये नवा पूल सुरू झाला. पुढे जुन्या पुलाचे मधले उंच गाळे काढून टाकण्यात आले आणि दोन्ही टोकांचे सखल भाग १९९४ पासून मासेमारीसाठी खुले झाले. तेथे रात्रीही मासेमारी चालते.

मर्यादा

वाहनांचा भार संपला, तरी खाऱ्या पाण्याने लोखंड गंजणे व काँक्रीट तडकणे थांबत नाही. त्यामुळे नियमित तपासणी, कठडे, दिवे व दुरुस्ती यांचा खर्च कायम राहतो. जीर्ण झालेला पूल केवळ पायी चालणाऱ्यांसाठी आहे म्हणून सुरक्षित ठरत नाही.

वसई खाडीचा संदर्भ

उल्हास नदी वसईच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा या खाडीवरून जाणारा मार्ग १८६४ मध्ये मुंबईपर्यंत पूर्ण झाला. नायगाव व भाईंदर यांच्यामध्ये पाणजू बेट असल्याने येथे रेल्वेपूल दोन भागांत आहे. वसई परिसरातील कोळी समाजाची मासेमारी मुख्यतः होड्यांवर चालते. भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवलेल्या डोल जाळ्यांत बोंबील व जवळा मिळतो. गळाची मासेमारी येथे जोडीची आहे. म्हणून अशा खाडीत जुना पूल राखायचा झाल्यास खांबांची मजबुती, प्रवाहाचा जोर आणि कोळ्यांच्या होड्यांसाठी मोकळा जलमार्ग या तिन्ही गोष्टी आधी पाहाव्या लागतात.