काल्पनिक झुंजी (लेखांक नववा) : हद्द बारा फुटांची की सोळा फुटांची?

गेल्या आठवड्यात विल्ट चेंबरलेन आणि शकील ओनील या सात फूट एक इंच उंचीच्या दोघा धिप्पाड पुरुषांना मध्यवर्तुळात समोरासमोर उभे करून आणि पंचाच्या हाती चेंडू सोपवून मी लेख आवरता घेतला होता, व या आठवड्यात तो चेंडू वर उडेल असे आश्वासनही दिले होते. तो आज उडत नाही. मिरजेच्या एका वाचकांनी, ज्यांची उभी हयात मोजणी खात्यात गेली आहे, पोस्टकार्डावर मला विचारले आहे की झुंज लावता आहात हे ठीक, परंतु हद्द कोणत्या सालची धरली आहे ते आधी सांगा. हद्द कायम झाल्यावाचून कब्जा कोणाचा हे ठरत नसते. आपण बास्केटबॉल कधी खेळलो नाही, असेही त्यांनी खाली प्रांजळपणे नमूद केले आहे. जन्मभर हा खेळ पाहणारी मंडळी या वादात हमरीतुमरीवर येतात आणि मुळातला मुद्दा मात्र एका न खेळलेल्या गृहस्थाने काढावा, याचे मला मोठे कौतुक वाटले; त्यांची दोन ओळींत बोळवण करणे काही प्रशस्त वाटेना. तेव्हा आजचा लेखांक सबंध हद्दीचाच.

बास्केटखाली जो रंगवलेला पट्टा असतो, ज्याला खेळाडू लेन म्हणतात, त्यात आक्रमण करणाऱ्या बाजूच्या खेळाडूला सलग तीन सेकंदांहून अधिक काळ ठाण मांडता येत नाही. अट एवढीच, पण तो पट्टा किती रुंद आहे यावर सेंटरचे, म्हणजे बास्केटजवळ ठाण मांडणाऱ्या उंच खेळाडूचे, सारे प्राक्तन अवलंबून असते. अमेरिकेच्या व्यावसायिक खेळात, म्हणजे एनबीए लीगमध्ये, १९५१ पर्यंत ही रुंदी अवघी सहा फूट होती, त्या साली ती बारा फूट झाली आणि १९६४ साली सोळा. म्हणजे पट्ट्याच्या कडेला उभा राहणारा सेंटर मधल्या रेषेपासून प्रथम तीन फुटांवर, मग सहा फुटांवर आणि अखेरीस आठ फुटांवर लोटला गेला. चेंबरलेनने एकाच सामन्यात शंभर गुण केले ते १९६२ साली, बारा फुटी पट्ट्यावर. ओनील आपल्या भराच्या काळात, २००० च्या सुमारास, खेळला तो सोळा फुटी पट्ट्यावर. आमच्या मिरजकर वाचकांच्या भाषेत बोलायचे तर दोघांचे सर्व्हे नंबरच निराळे.

दोन फुटांनी असे काय होते, असे कोणी म्हणेल. ओनीलची चाल मनाशी आणून पाहावी. पाठ बास्केटकडे, गुडघे किंचित वाकलेले, एक हात चेंडू मागण्यासाठी उंचावलेला आणि मागच्या बचावपटूचा सगळा भार आपल्या कमरेवर घेतलेला. चेंडू हाती येताच तो एकदा, फक्त एकदा, जोराने जमिनीवर आपटायचा, त्याच क्षणी मागे सरकून खांद्याने जागा करायची, पाय वळवायचा आणि दोन्ही हातांनी चेंडू रिंगमध्ये कोंबायचा. आठ फुटांवरून त्याला तो एक ड्रिबल लागतो; सहा फुटांवरून, त्याच्या पावलाची लांबी पाहता, पुष्कळदा तोही लागणार नाही. आणि एक ड्रिबल म्हणजे दुसरा बचावपटू धावून येण्यास मिळणारी मुदत. सेंटरचा बंदोबस्त म्हणून जे काही करता येते, ते या मुदतीतच करायचे असते.

हा पट्टा प्रथम रुंदावला तो जॉर्ज मायकनमुळे, आणि मायकनचे नाव निघाले की मला पुढे जाववत नाही. सहा फूट दहा इंच उंच, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, डाव्या व उजव्या दोन्ही हातांनी हुक मारण्याची सिद्धी, आणि खेळात नजाकतीचा फारसा सोस नाही, असा हा मिनियापोलिस लेकर्सचा सेंटर १९५० च्या आगेमागे एवढा मातबर झाला होता की न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या दर्शनी फलकावर १९४९ च्या डिसेंबरात 'मायकन विरुद्ध निक्स' अशी पाटी झळकली. एक माणूस विरुद्ध एक संघ! सोबत्यांनी ती वाचली, आणि सामन्याच्या वेळी ते सारे पोशाख न बदलता खोलीत बसून राहिले : पाटीवर तुझेच नाव आहे, तर जा आणि एकटाच खेळ. पुढल्याच वर्षी, नोव्हेंबर १९५० मध्ये, फोर्ट वेनच्या संघाने मायकनपुढे आपला निभाव लागणार नाही हे ओळखून चेंडू नुसता हातात धरून वेळ काढला आणि सामना १९ विरुद्ध १८ असा जिंकला. लेकर्सच्या त्या अठरा गुणांपैकी पंधरा मायकनचे होते. प्रेक्षकांनी काय पाहिले असेल ते असो. एका माणसाला भिऊन अख्खा संघ खेळणेच सोडून देतो, याहून मोठा दाखला मला तरी ठाऊक नाही.

पट्टा दुप्पट झाल्यावर मायकनची सरासरी २८.४ वरून २३.८ वर आली, म्हणजे हुकुमाची तामिली झाली खरी. परंतु लेकर्सनी १९५२, १९५३ आणि १९५४ अशी लागोपाठ तीन अजिंक्यपदे त्याच रुंद पट्ट्यावर मिळवली, हे नियम करणाऱ्यांच्या हिशेबात नव्हते. मग १९५४ च्या मार्चमध्ये त्यांनी आणखी एक प्रयोग करून पाहिला. जेम्स नेस्मिथने १८९१ साली स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत सज्जाच्या कठड्याला टोपल्या टांगल्या तेव्हापासून जी दहा फुटांची उंची चालत आली होती, ती लेकर्स आणि मिलवॉकी हॉक्स यांच्या एका सामन्यापुरती बारा फूट केली. उंच माणसाचा अहंकार उतरवण्याचा हा उपाय वरवर पाहता तर्कशुद्ध; प्रत्यक्षात मात्र उंच-ठेंगणे सगळेच नेम चुकू लागले, चुकलेले चेंडू बोर्डावरून परत येऊ लागले, आणि परत आलेला चेंडू ज्याचे हात उंच त्याचाच, तेव्हा मायकनसारख्यांना त्यातही लाभच. सामना लेकर्सच जिंकले. रिंगा दुसऱ्या सामन्याला दहा फुटांवर उतरल्या.

याच मायकनची आणखी एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. १९६७ साली जेव्हा एबीए नावाची प्रतिस्पर्धी लीग निघाली, तेव्हा तिचा पहिला आयुक्त तो झाला, आणि त्याच्या अमदानीत त्या लीगने तांबडा-पांढरा-निळा चेंडू आणि तीन गुणांची कमान या दोन गोष्टी पत्करल्या. कमानीची कल्पना त्याच्या आधीची आहे, पण तिला घरोबा मिळाला तो येथे; एनबीएने ती १९७९ मध्ये उचलली, आणि आज सात फुटी सेंटरसुद्धा पट्टा सोडून कमानीबाहेर उभे राहून नेम धरतात. ज्या माणसाला बास्केटपासून दूर लोटण्यासाठी पहिली हद्द हलवली, त्यानेच पुढे सबंध खेळ बास्केटपासून दूर नेण्यास हातभार लावावा, यात नियतीचा खट्याळपणा आहे. २००५ साली मायकन निवर्तला तेव्हा त्याच्या अंत्यविधीचा खर्च आपण करू, असे जाहीर करणारा गृहस्थ होता शकील ओनील.

आता मूळ प्रकरणाकडे. हद्दीइतकाच घड्याळाचा प्रश्न आहे, आणि त्यात चेंबरलेनचे पुष्कळ भक्त फसतात. त्या १९-१८ च्या प्रकारानंतर चार वर्षांनी सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा भागाकार केला : सामन्याचे सेकंद २८८०, चांगल्या रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून नेम १२०, तेव्हा प्रत्येक नेमास सेकंद चोवीस. घड्याळ आले आणि खेळ सैराट सुटला. १९६१-६२ च्या हंगामात एकेक संघ एका सामन्यात सुमारे १०८ नेम मारीत असे. १९९९-२००० मध्ये हा आकडा ८२ च्या घरात उतरला होता. चेंबरलेनची १९६१-६२ च्या हंगामातील सरासरी ५०.४ गुणांची, आणि मैदानावरील वेळ सामन्यामागे ४८.५ मिनिटे. सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा असता हे कसे, तर जादा वेळ खेळल्यामुळे. तो बाहेर बसतच नसे. ओनील २००० साली सरासरी ४० मिनिटे खेळून २९.७ गुण करीत होता. तेव्हा चेंबरलेनचे पन्नास गुण आधी १०८ नेमांच्या चालीवरून ८२ च्या चालीवर आणा, ते अडतीसच्या आसपास भरतात, मग ४८.५ मिनिटांवरून ४० वर आणा, ते साडेएकतीस होतात.

साडेएकतीस आणि एकोणतीस पूर्णांक सात! अडतीस वर्षांचे अंतर आणि फरक दोन गुणांचाही नाही. रिबाउंडांचा हिशेबही जवळपास असाच जुळतो. हे त्रैराशिक म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, कारण संथ खेळात विश्रांती अधिक मिळते आणि विश्रांत चेंबरलेन काय करील हे आकड्यांना समजत नाही. तथापि 'पन्नास म्हणजे पन्नास' असे मेजावर मूठ आपटून सांगणाऱ्यांनी आणि 'त्या काळी समोर कोणी नव्हतेच' असे नाक मुरडणाऱ्यांनी, दोघांनीही ही रुजुवात एकदा घरी करून पाहावी. समोर कोणी नव्हते म्हणणाऱ्यांना तर एवढेच विचारावे की त्या वेळी लीगमध्ये संघच नऊ होते, आणि बिल रसेलसारखा सेंटर हंगामातून दहा-बारा वेळा समोर उभा राहत असे, तो कोण होता?

राहता राहिली पंचाची शिट्टी. माझ्या मते येथेच या झुंजीचा खरा निकाल दडलेला आहे. ओनीलचा तो मागे सरकणारा खांदा २००० साली बहुतेक वेळा चालून जात असे. १९६२ चा पंच पाय रोवून उभ्या राहिलेल्या बचावपटूवर आदळणाऱ्या गड्याला सहजी माफ करणारा नव्हता, आणि सव्वातीनशे पौंडांचे ते अस्त्र त्याने पहिल्या दहा मिनिटांतच तीन-चार फाउलांच्या खात्यावर चढवले असते. उलट चेंबरलेनला अंगावर जाणे मुळातच रुचत नसे. बास्केटपासून दूर झुकत चेंडू बोर्डावर टेकवून आत घालण्यात, किंवा बोटांवरून हलकेच सोडण्यात त्याला धन्यता वाटे, कारण आपण नुसते उंच नाही हे त्याला जगाला दाखवायचे होते. १९६७-६८ मध्ये तर लीगमधील सर्वाधिक असिस्ट देऊन त्याने ते दाखवलेही. त्याच्या अभिमानाचा आणखी एक विषय असा की १०४५ साखळी सामन्यांत तो एकदाही सहा फाउल होऊन बाहेर गेला नाही. ही नोंद भूषणावह खरी; पण ज्याला तिची जपणूक करायची आहे तो पाचव्या फाउलनंतर ओनीलसमोर हात वर करून उभा राहील, आणि ओनीलसमोर हात वर करून उभे राहणे म्हणजे वाट मोकळी करून देणे होय.

फ्री थ्रोविषयी दोघांतही डावेउजवे करण्यात अर्थ नाही; कारकिर्दीत चेंबरलेन शंभरात ५१.१ आणि ओनील ५२.७. एक गोष्ट मात्र मनाला चुटपुट लावते. १९६१-६२ च्या हंगामात चेंबरलेन दोन्ही हातांनी, कमरेखालून झुलवून फ्री थ्रो टाकीत होता, आणि त्या वर्षी त्याचे ६१.३ टक्के साधले. हर्शे या चॉकलेटच्या गावी ४१२४ प्रेक्षकांसमोर त्याने शंभर गुण केले, त्या रात्री तर ३२ पैकी २८. पुढे त्याने ती पद्धत टाकली, कारण तसे फेकताना आपण हास्यास्पद दिसतो असे त्याला वाटे. हे त्याने आत्मचरित्रात स्वतःच कबूल केले आहे. रिक बॅरी या दुसऱ्या खेळाडूने त्याच पद्धतीने शंभरात नव्वदच्या आसपास साधले आणि लोक हसले तर हसू दिले. १९६७-६८ मध्ये चेंबरलेन ३८ टक्क्यांवर घसरला होता. लौकिकापुढे व्यवहार हरला, दुसरे काय.

आता मिरजकरांच्या पोस्टकार्डाला उत्तर देतो. दोन सालांच्या दोन हद्दी असतील तर तोड काय, याला इतिहासात एक चांगला दाखला आहे. सप्टेंबर १९७१ मध्ये एनबीएचा मिलवॉकी बक्स आणि एबीएचा डॅलस चॅपरल्स हे दोन संघ डॅलसला पहिल्यांदा समोरासमोर आले, तेव्हा नियम कोणाचे यावर खल झाला आणि निम्मा सामना एका लीगच्या व निम्मा दुसरीच्या नियमांनी खेळवण्यात आला. आपणही तेच करू. पूर्वार्ध १९६२ च्या नियमपुस्तिकेप्रमाणे, पट्टा बारा फूट. उत्तरार्ध २००० प्रमाणे, पट्टा सोळा फूट. सामन्याचा पूर्ण निकाल पुढच्या वेळी; पूर्वार्धापुरते मत मात्र आजच देऊन ठेवतो. मध्यंतराला चेंबरलेन पुढे असेल आणि ओनीलच्या नावावर चार फाउल असतील.

ज्यांचे मत निराळे असेल त्यांनी येत्या शनिवारपर्यंत पत्र टाकावे. नुसते नाव न कळवता किती गुणांनी आणि का, हेही लिहावे. मायकेल जॉर्डन आणि लेब्रन जेम्स यांची झुंज कधी, असे विचारणाऱ्यांची पत्रे मजजवळ साठली आहेत. बचावपटूने चालत्या खेळाडूला हात लावण्यावर २००४ साली जी सक्ती आली तिचा उलगडा त्याआधी करावा लागेल, आणि त्याला एक सबंध लेखांक जाईल, तरी त्यांनी धीर धरावा.